कपाटामागची खिडकी

मित्रांनो, गल्लीत उभं राहून मान कितीही वर केलीत, तरी मी तुम्हाला दिसणार नाही. त्या बाजूला दिसतात त्या माझ्या बहिणी. रंगवलेल्या, पडदे लावलेल्या, येणाऱ्याजाणाऱ्यांनी फोटो काढलेल्या. मी घराच्या पाठीमागे, सगळ्यांत वरच्या खोलीत आहे. दोन झडपांची, लाकडी, आता बरीच जुनी झालेली खिडकी. माझं निम्मं आयुष्य अंधारात गेलं. ते का गेलं आणि मी उजेडात परत कशी आले, ते तुम्हाला सांगावंसं वाटतं. एरवी माझ्याशी बोलायला फारसं कुणी येत नाही.

समुद्राकाठच्या या गावात दोन भावांनी मिळून एक लांबट जागा घेतली होती. जागेच्या एका टोकाला एक गल्ली, दुसऱ्या टोकाला दुसरी. थोरल्या भावाने इकडच्या गल्लीकडे तोंड करून घर बांधलं, धाकट्याने तिकडच्या. दोन्ही घरं पाठीला पाठ लावून बसल्यासारखी. थोरल्याचं घर उंच, धाकट्याचं बसकं आणि सपाट गच्चीचं. थोरल्याच्या वरच्या खोलीला मागच्या भिंतीत मोठं भोक ठेवलेलं होतं. त्यातून पाय बाहेर टाकला की धाकट्याची गच्ची.

त्या भोकासाठी मला घडवलं गेलं. सुतार कानामागे पेन्सिल खोचून मापं घेत होता आणि थोरल्याची बायको त्याच्या डोक्यावर उभी होती.

"एवढी मोठी करा, की माझ्या जावेला कपड्यांची बादली घेऊन आत येता आलं पाहिजे," ती म्हणाली.

"अहो बाई, मग दारच करतो की!"

"दार नको. दार म्हटलं की कोण आलं, कशाला आलं, सगळं आलं. खिडकीच करा."

सुतार हसला आणि त्याने मला तशीच केली. उंच, रुंद, झडपा आतल्या बाजूला पूर्ण उघडणाऱ्या. रंधा मारून झाल्यावर त्याने माझ्यावरून तळहात फिरवला. तो स्पर्श मला अजून आठवतो. त्यानंतर इतक्या मायेने मला फार थोड्या लोकांनी हात लावला.

घरात सगळे त्या दोघी जावांना थोरली आणि धाकटी म्हणत. मीही तसंच म्हणते. त्या काळात मी दिवसभर उघडी असायची. सकाळी धाकटी गच्चीवर कपडे वाळत घालायला आली की थोरली माझ्या कठड्यावर कोपर टेकून उभी राहायची. भाज्या निवडल्या जात, लोकरीचे गुंडे केले जात, नवऱ्यांची गाऱ्हाणी मांडली जात. थोरलीची लहान मुलगी तर माझ्यातून दिवसातून कितीदा इकडून तिकडे उड्या मारायची. दोन घरांचे दरवाजे दोन वेगळ्या गल्ल्यांत होते. पुढून जायचं तर अख्खा वळसा पडायचा. त्यामुळे दोन घरांमध्ये जे काही येणंजाणं होतं, ते सगळं माझ्यातून होतं. मला वाटायचं, हे असंच चालणार.

मग गावात पाहुणे येऊ लागले. समुद्र बघायला, सुट्टी घालवायला. एका हंगामात थोरल्या भावाने वरची खोली भाड्याने द्यायला काढली. माझ्या खाली दोन पलंग आले, भिंतीवर आरसा आला. पाहुण्यांना मला पाहून फार आनंद झाला. खोलीला लागून गच्ची मिळाली म्हणून ते खूश. पण गच्ची आपल्या खोलीची नाही, हे त्यांच्या लक्षात राहायचं नाही.

त्याच दिवसांत धाकट्या भावाच्या पोटाचं मोठं ऑपरेशन झालं. तो गच्चीखालच्या खोलीत पडून होता. वर पाहुणे नाचत, खुर्च्या ओढत. धाकटी माझ्यापाशी आली.

"ताई, यांचा डोळा लागत नाही हो. जरा सांगा ना त्यांना."

"सांगते गं. पण हंगाम आहे. थोडे दिवस कळ काढ," थोरली म्हणाली.

तिने सांगितलं असेलही. पण आज सांगितलेले पाहुणे उद्या निघून जात आणि परवा नवे येत. शेवटी कुणीतरी गच्चीवर शेगडी पेटवली. ठिणगी उडाली आणि दोरीवर वाळत घातलेली धाकट्याची चादर जळली. धाकटीने ती चादर आणून माझ्या कठड्यावर ठेवली. मधोमध ताटाएवढं भोक होतं.

थोरली दमलेली होती. दिवसभर चादरीच धूत होती. ती म्हणाली, "एका चादरीचं काय घेऊन बसलीस? नवी आणून देते."

धाकटीचा चेहरा उतरला. "तुम्हाला सगळं नवं आणता येतं ताई," एवढंच म्हणाली आणि गेली.

मित्रांनो, पुढे जे घडलं ते मी अगदी जवळून पाहिलं, म्हणून सांगते. त्या संध्याकाळी थोरला भाऊ हातोडी आणि फळ्या घेऊन वर आला. बायकोला म्हणाला, "पाहुणे गच्चीवर गेलेच नाहीत, तर तक्रारच राहणार नाही. त्याला आराम मिळू दे." भावाच्या झोपेसाठी त्याने माझ्या झडपांवर फळ्या आडव्या मारल्या. प्रत्येक खिळा मारताना तो स्वतःच तोंड वाकडं करत होता.

तिकडे गच्चीवर धाकटी उभी होती. तिला फक्त खिळ्यांचे आवाज ऐकू येत होते. ती स्वतःशीच म्हणाली, "एका चादरीवरून तोंडावर दार लावलं."

दोन्ही वाक्यं माझ्या अंगावर पडली. एक या बाजूने, एक त्या बाजूने. मधे फक्त माझं दोन बोटं जाड लाकूड होतं. इकडचं तिकडे सांगता आलं असतं, तर सगळं तिथेच मिटलं असतं. पण मला बोलता येत नव्हतं. आणि ज्यांना येत होतं, त्यांच्यापैकी कुणी वळसा घालून दुसऱ्याच्या गल्लीत गेलं नाही.

थोड्या दिवसांनी फळ्या वाईट दिसतात म्हणून इकडून माझ्यापुढे भलंमोठं कपाट आणून लावलं. तिकडून धाकटीने एक जुना पत्रा आणून माझ्यावर टेकवला आणि खाली दगड लावले. इकडे कपाट, तिकडे पत्रा. झालं.

त्यानंतरची वर्षं मी कशी सांगू? सांगण्यासारखं त्यात काही नाहीच. कपाटातून डांबराच्या गोळ्यांचा वास यायचा. एका कुंभारीण माशीने माझ्या खाचेत मातीचं घर बांधलं, त्यातून पिल्लं निघाली, उडून गेली. मातीचं घर तसंच राहिलं. खोलीत माणसं येत, बॅगा उघडत, झोपत, भांडत, हसत आणि निघून जात. एका आवाजाची सवय व्हावी तोवर तो जायचा. "इथे हवा खेळत नाही," असं जवळजवळ प्रत्येक जण म्हणायचा. मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर होते. मला वाटायचं, कुणीतरी कपाट सरकवून बघेल. पण दोन दिवसांसाठी आलेला माणूस दुसऱ्याच्या घरातलं कपाट कशाला सरकवेल?

तिकडून पत्र्यावर पाऊस वाजायचा. कधी धाकटीची चप्पल ऐकू यायची. ती पावलं वर्षांगणिक जड होत गेली. थोरला भाऊ वारला तेव्हा इकडे रडण्याचे आवाज आले आणि त्यांत मला धाकटीचा आवाज ओळखू आला. ती पुढच्या दाराने, चारचौघांसारखी येऊन गेली. काही वर्षांनी धाकटा भाऊही गेला. थोरली तिकडच्या गल्लीत जाऊन आली. दोघी जेवढं बोलायला हवं तेवढं बोलल्या असतील. माझ्यापर्यंत कुणी आलं नाही.

थोरलीची मुलगी, तीच माझ्यातून उड्या मारणारी, शहरातली नोकरी सोडून परत आली आणि पाहुण्यांचा कारभार बघू लागली. घरात मायलेकीच उरल्या होत्या. आई खालच्या मागच्या खोलीत, मुलगी खालच्या पुढच्या खोलीत, बाकी घर पाहुण्यांचं.

आणि मग गावात नवे नियम आले. सुट्टीसाठी भाड्याने दिल्या जाणाऱ्या प्रत्येक घराला आता परवाना लागणार होता. कुठेतरी अशाच एका घरात आग लागून माणसं अडकली होती, म्हणून हे नियम झाले असं मी ऐकलं. मुलगी कामाला लागली. जिन्यात धूर ओळखणारी यंत्रं लागली. ती तपासताना अशी किंचाळायची, की थोरली खालून ओरडायची, "अगं, बंद कर ते भूत!" आग विझवायची लाल नळकांडी आली. वीज गेली तरी जळणारे दिवे आले. घरभर ड्रिलचा आवाज घुमत होता आणि मी कपाटामागे बसून ऐकत होते.

तपासनीसबाई आधी एकदा नुसतं बघून जायला आल्या. आवाजावरून तरुण वाटत होत्या, पण कामाला चोख. खालच्या खोल्या बघून झाल्यावर वर आल्या.

"इथे पाहुणे झोपतात?"

"हो. सगळ्यांत जास्त मागणी याच खोलीला आहे," मुलगी म्हणाली.

"जिन्यात आग लागली तर इथला माणूस बाहेर कसा पडणार?"

मुलगी म्हणाली, "जिना एकच आहे."

"मग या खोलीसकट परवाना मिळणार नाही. दुसरी वाट हवी, नाहीतर खोली बंद ठेवा."

वरची खोली बंद ठेवली तर बाकीच्या घरावर भागणार नाही, हे मायलेकींना ठाऊक होतं. आधीच रात्री जेवताना घर विकण्याच्या गोष्टी निघत, त्या जिन्यातून वर यायच्या. थोरलीला या घराबाहेर कुठे राहायचंच नव्हतं. त्या दिवशी तपासनीसबाईंच्या मागून ती कशीबशी जिना चढून आली होती आणि पलंगाच्या कडेला दम खात बसली होती. ती हळूच म्हणाली, "आहे एक वाट. कपाटामागे."

मित्रांनो, कपाट सरकलं तेव्हा फरशीवर जो आवाज झाला, त्याहून गोड आवाज मी आयुष्यात ऐकलेला नाही. उजेड फळ्यांच्या फटींतून आत आला. मुलीने माझ्याकडे पाहिलं आणि तिचा हात तोंडाकडे गेला. "आई, ही आपली खिडकी! मी विसरूनच गेले होते."

मी तिला विसरले नव्हते. पण राग आला नाही. लहान मुलं विसरतात.

दुसऱ्या दिवशी सुतार आला. पहिला नव्हे, तो कधीच गेला असणार. या सुताराने मला ठोकून पाहिलं आणि नाक मुरडलं. "ताई, ही काढून टाकू. सरकती अ‍ॅल्युमिनियमची बसवतो. दिसायलाही बरी."

इतक्या वर्षांनी उजेड दिसला तो भंगारात जाण्यासाठी? पण मुलीने तपासनीसबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, सरकत्या खिडकीची एकच बाजू उघडते, या भिंतीत तेवढ्यातून मोठा माणूस बाहेर पडणार नाही. जुनी पूर्ण उघडत असेल तर तीच दुरुस्त करा. फक्त पलीकडची गच्ची ज्यांची आहे, त्यांची संमती घ्या. आणि त्यांची अडचण नको.

सुताराने फळ्या उपटल्या. गंजलेले खिळे कुरकुरत निघाले. रंगाने चिकटलेल्या झडपा त्याने पटाशीने मोकळ्या केल्या, बिजागऱ्यांना तेल दिलं आणि मला उघडलं. समोर पत्रा.

"मी पुढून जाऊन काकूला विचारून येते," मुलगी म्हणाली.

"थांब," थोरली म्हणाली. ती उठली, माझ्या कठड्याला धरून उभी राहिली आणि बोटांच्या पेरांनी पत्र्यावर वाजवलं. टण टण.

पलीकडे झाडांना पाणी घालण्याचा आवाज चालू होता. तो थांबला.

"कोण आहे?"

"मी आहे गं."

मग धाकटीचा आवाज, अगदी पत्र्याजवळून. "काय काम काढलंत?"

"काम आहेच. नवे नियम आलेत. वरच्या खोलीतून माणसांना आगीच्या वेळी बाहेर पडायला वाट लागते. तुझ्या गच्चीवरून."

"म्हणजे पुन्हा पाहुणे माझ्या डोक्यावर."

"आग लागली तरच."

"खिळे मारले तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं," धाकटी म्हणाली. "आता उघडायला माझी परवानगी हवी?"

थोरली पत्र्याला तोंड लावून म्हणाली, "अगं, तुमच्याच झोपेसाठी मारले ते. पाहुणे गच्चीवर येऊ नयेत म्हणून. हे म्हणाले, भावाला आराम मिळू दे."

सुतार पटाशी हातात धरून तसाच उभा.

"मग सांगितलं का नाही?"

"तू विचारलं का नाहीस?"

मग दगड सरकवल्याचा आवाज आला. धाकटीला एकटीला पत्रा उचलवत नव्हता. मुलीने आतून ढकलला, धाकटीने बाहेरून ओढला आणि पत्रा धाडकन गच्चीवर पडला.

दोघी समोरासमोर आल्या. मला वाटलं होतं त्या रडतील, गळ्यात पडतील. तसं झालं नाही. एक म्हातारी दुसऱ्या म्हातारीकडे बघत राहिली, एवढंच.

"किती बारीक झालीस," थोरली म्हणाली.

"तुम्ही नाही झालात," धाकटी म्हणाली. मुलगी फसकन हसली आणि लगेच गप्प बसली.

मग धाकटी म्हणाली, "संमती देते. पण मलाही इकडून आत येता आलं पाहिजे."

"का गं?"

"मागे एकदा माझ्या जिन्यात वायर जळाली. सगळा धूर. मी गच्चीवर येऊन उभी राहिले. चारी बाजूंना बघितलं, उतरायला कुठे जागा नाही. या पत्र्याकडे बघत उभी होते. आपोआप विझलं म्हणून बरं."

"अगं, मग हाक मारायचीस!"

"कुणाला मारायची, ताई? खिळ्यांना?"

मी तेव्हा पत्र्याच्या इकडेच होते. धुराचा वास मला आला होता. ती इतकी जवळ उभी आहे, हे मला कळलं नव्हतं. आम्ही दोघीही एकट्या होतो आणि दोघींच्या मधे फक्त एक पत्रा होता.

आता नवी अडचण आली. पाहुण्यांच्या खोलीची खिडकी बाहेरून उघडता येता कामा नये, असं तपासनीसबाईंनी सांगितलं. ते रास्तही होतं. अनोळखी माणूस झोपलेला असताना बाहेरून कुणी आत कसं यायचं? मुलगी दोन दिवस विचारात होती. तिसऱ्या दिवशी ती गादी डोक्यावर घेऊन जिना चढली.

"आजपासून मी वर झोपणार," तिने जिन्यातून खाली आईला सांगितलं. "माझी खालची खोली पाहुण्यांना देऊ. तिला गल्लीत उघडणारं दार आहे, नियमात बसते." मग गच्चीवरच्या धाकटीकडे वळून म्हणाली, "काकू, तुम्ही केव्हाही या. बाहेरून हात घालून आकडा काढता येईल असा बसवून घेते."

तपासनीसबाई पुन्हा आल्या, सगळं पाहिलं, धूर ओळखणाऱ्या यंत्रांना किंचाळायला लावलं आणि परवाना दिला. वरच्या खोलीत पाहुणे नाहीत म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. नियमाला आता माझी गरज उरली नव्हती. पण मी उघडी होते.

दोन हंगाम धाकटी माझ्यातून ये-जा करत होती. बाहेर एक स्टूल ठेवलेलं असायचं, त्यावर पाय ठेवून ती यायची. थोरलीला जिना झेपायचा नाही, म्हणून धाकटीच खाली जायची. जुने दिवस काही परत आले नाहीत. मधल्या वर्षांत एकीचं काय काय घडलं ते दुसरीला ठाऊक नव्हतं आणि सांगायचं म्हटलं तर दोघी दमत. कधी नुसत्या शेजारी बसून राहत, कधी पंखा किती जोरात ठेवायचा यावरून वाद घालत. धाकटी वर येऊन पुटपुटायची, "स्वभाव काही बदलला नाही हिचा." पण दुसऱ्या दिवशी पुन्हा यायची.

मग धाकटीचा मुलगा दूरच्या शहरातून आला आणि तिला घेऊन गेला. इथे एकटी नको, म्हणाला. त्याचंही चुकलं नाही. जायच्या दिवशी ती गच्चीवर आली, माझ्या चौकटीवर हात ठेवून उभी राहिली. आकडा नीट लागलाय ना, ते तिने दोनदा पाहिलं. गाडी तिकडच्या गल्लीत उभी होती. तिचा आवाज मला ऐकू आला, पण गाडी दिसली नाही.

आता तिचं घरही पाहुण्यांना दिलं जातं. गच्चीवर प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या आहेत. थोरली वर येत नाही. मुलगी रोज सकाळी मला उघडते आणि कामाला खाली जाते. गच्चीवरचे लोक माझ्याकडे बघतात आणि आपण दुसऱ्याच्या घरात डोकावतोय असं वाटून मान वळवतात. चांगली माणसं असतात. दोन दिवसांत जातात.

परवा एक छोटी मुलगी माझ्या अगदी समोर येऊन उभी राहिली. "इथे कोण राहतं?" तिने विचारलं.

थोरलीची मुलगी केस विंचरत होती. "मी राहते. आणि तू?"

"आम्ही उद्या जाणार," छोटी म्हणाली आणि पळाली.

मित्रांनो, तुम्हीही सुट्टीत असेच कुठेतरी अनोळखी खोलीत उतराल. बॅग ठेवण्याआधी खिडकी शोधा. ती उघडते का ते स्वतः उघडून बघा. उघडत नसेल तर घरमालकाला सांगा, लाजू नका. तिच्यासमोर सामान रचू नका. वारा असेल तर आकडा लावा, म्हणजे झडपा आपटणार नाहीत. आणि खिडकीच्या पलीकडे कुणी उभं असेल, तर मान वळवू नका. काहीतरी बोला. काहीही चालेल.